कस्तूर, इंद्री आणि माझा भोंगा

आमच्या अकोले तालुक्यात माझ्या बोलण्याचं एक माप ठरलेलं आहे. रज्जाकभाईनं पायली सांगितली, तर शेर धरायचा. हे माप पहिल्यांदा कुणी काढलं ठाऊक नाही. बहुतेक आमच्या शमीमनंच, म्हणजे माझ्या बायकोनं, काढलं असावं. पण राजूरच्या बाजारापासून पार घाटघरपर्यंत ते चालतं. तेव्हा वाचकांनीही हाताशी तेच माप ठेवावं. मी म्हटलं, माझ्या भोंग्याचा आवाज चार कोसांवर जायचा, तर एक कोस जायचाच जायचा. त्यात फसवणूक नाही.

धंदा माझा लाउडस्पीकरचा. लग्नं, जत्रा, हरिनाम सप्ते, उरूस, निवडणुका, सगळीकडे मीच. सकाळी हनुमानाच्या देवळावर भोंगा बांधायचा आणि दुपारी तोच उतरवून दर्ग्यावर चढवायचा, हे मी इतक्या वेळा केलंय की त्या भोंग्याला धर्म विचारला असता तर बिचारा गोंधळला असता. लोकांना वाटतं, आवाज मोठा करणं हे यातलं कसब. मोठा आवाज गाढवही काढतं. कसब आहे ते भोंग्याचं तोंड कुठं करायचं त्यात. भोंग्याचा आवाज माईकनं ऐकला की तो परत भोंग्यात जातो, तिथून परत माईकात, आणि असा गरगर फिरून केकाटायला लागतो. म्हणून ज्यानं ऐकू नये त्याच्याकडे भोंग्याची पाठ आणि ज्यानं ऐकावं त्याच्याकडे तोंड, एवढीच आमच्या धंद्याची गीता आणि एवढंच कुराण.

आता ज्यानं ऐकावं तो कोण, हे मात्र गिऱ्हाईक ठरवतं. कोतुळकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "रज्जाकभाई, चारी भोंगे त्या पिवळ्या घराकडं करा." पिवळं घर त्याच्या मेव्हण्याचं. दोघांचं वाकडं, मेव्हणा लग्नाला आलेला नव्हता. मी केले. मंगलाष्टकं मेव्हण्याच्या खिडकीत अशी काही घुसली की त्याच्या फडताळातली भांडी नाचली, आणि इकडं मांडवात वऱ्हाडाला 'सावधान' कधी झालं तेच कळलं नाही. अक्षता भटजीच्या तोंडाकडं बघून टाकल्या. दुसरी एक आजी. तिनं हरवलेल्या शेळीसाठी माझी जीप लावली होती. माईक हातात घेऊन तिनं शेळीचं वर्णन असं मन लावून केलं की संध्याकाळपर्यंत तीन गावांतून तीन शेळ्या आल्या. आजीनं तिन्ही ओळखल्या.

असे पायलीला पन्नास किस्से आहेत. पण या अंकाचे संपादक म्हणाले, मनात राहिलेलं काही लिहा. मनात राहिलेलं एकच आहे आणि त्यात माझा आवाज कमी, एका पाखराचा आणि एका परदेशी जनावराचा जास्त.

काही वर्षांमागं श्रावणात अनघा मॅडम माझ्या राजूरच्या दुकानात आल्या. पुण्याच्या, वय पस्तिशीचं, पायात गमबूट, पाठीवर बोचकं. म्हणाल्या, "चाचा, तुमच्याकडचा सगळ्यात लहान आवाजाचा स्पीकर कोणता?"

उभ्या हयातीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला वाटलं, बाई दुकान चुकल्या.

"लहान?" मी म्हणालो. "मॅडम, इथं लहान आवाजाची एकच वस्तू, आमच्या शेजारणीची सासू, आणि तिला आम्ही भाड्यानं देत नाही."

शमीम आतून म्हणाली, "त्यांना आधी बसू तरी द्या."

त्या बसल्या, चहा झाला, मग त्यांनी काम सांगितलं. त्या आवाजांचा अभ्यास करायच्या. आपल्या डोंगरात ओढ्याकाठी कस्तूर पक्षी राहतो. पुस्तकात शीळकरी कस्तूर. अंगानं काळाभोर, ऊन पडलं की खांद्यावर निळी मखमल चमकते. आणि तिकडं आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात मादागास्कर नावाचं बेट आहे, तिथल्या जंगलात इंद्री नावाचा लेमूर राहतो. लेमूर म्हणजे माकडाचा लांबचा चुलतभाऊ. मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. काळं-पांढरं अंग, तीन वर्षांच्या पोराएवढं, तोंड अस्वलाच्या पिल्लाचं, शेपूट नावापुरती, आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगितली आहे. हे जनावर गातं. नवरा, बायको, पोरं, सगळं घरदार झाडावर बसून एकदम गातं. जंगल तुटत चाललंय, आता थोडेच उरलेत.

"आणि यांचा आमच्या कस्तुराशी काय संबंध?" मी म्हणालो. "सोयरीक जमवताय?"

"तेच तर बघायचंय," त्या हसून म्हणाल्या आणि इंद्रीचं गाणं लावलं.

पाण्यात बसून कुणी शंख फुंकावा तसा आवाज. आधी एक डरकाळी, मग लांबच लांब हेल. शमीम पीठाच्या हातानं बाहेर आली. "या अल्ला, कोणाचं काय दुखतंय?"

मॅडमनी काउंटरवर बोटानं ताल धरला. म्हणाल्या, हेल ऐकू नका, दोन सुरांमधली जागा ऐका. मी ऐकली. टण, टण, टण, एकसारख्या अंतरानं. मग मधेच टण, टण, आणि दुप्पट जागा सोडून टण. अहो, हा तर हलगीचा हात. आमचा हलगीवाला पिऊन वाजवतो तेव्हाही हे अंतर चुकत नाही. मॅडम म्हणाल्या, पाखरं आणि लेमूर यांची वाट इतक्या पूर्वी वेगळी झाली की माणसाचा तेव्हा पत्ता नव्हता. एकमेकांचं त्यांनी कधी ऐकलेलं नाही. तरी दोघांना हा ताल आपापला सापडला असेल तर ती मोठी गोष्ट आहे. इंद्रीचं काम झालं होतं. कस्तुराचं राहिलं होतं, आणि त्यासाठी त्यांना कातळवाडीची घळ हवी होती.

कातळवाडी म्हणजे धरणाच्या खाली नदीला लागून असलेली वाडी. वर डोंगरात घळ, घळीत ओढा, ओढ्याच्या कपारीत कस्तुराचं घरटं. घळीच्या तोंडाशी वाघदेवाचा शेंदरी दगड. वाडीला रस्ता नाही. पावसाळ्यात डांबरी सडकेपर्यंत चिखलातून चालत यायचं. रस्ता मंजूर झाला होता, पण कुठून न्यायचा ते ठरत नव्हतं. घळ फोडून नेला तर जवळ. डोंगराच्या सोंडेला वळसा घालून नेला तर लांब, शेतांतून, आणि कुणाची कणभर जमीन गेली की तंटा, म्हणजे किती वर्षं लागतील ते वाघदेवालाच ठाऊक. दसऱ्याच्या आधी ग्रामसभा ठराव करणार होती. मॅडमना वाटत होतं, घळीतलं गाणं वाडीला नीट समजावून सांगितलं तर लोक वळशाचा रस्ता मागतील. त्यांचे वही-कागद एकीकडं आणि ही घळ एकीकडं. पुढं पुढं तर मला वाटायचं, ताल हे नुसतं निमित्त आहे, बाईचा जीव घळीतच गुंतलाय.

वाडीत त्यांच्या बाजूनं एकच माणूस होता, पण तो एक दहांच्या तोलाचा. होनाजीबाबा. माझ्याहून दहा पावसाळे थोरला, गुरं राखण्यात जन्म गेलेला, समोरचे दात पडलेले तरी शीळ अशी घालायचा की पलीकडच्या डोंगरावरच्या गाई मान वर करायच्या. वाडीतले लोक कस्तुराला 'गुराखी' म्हणतात, गुरं न राखता नुसती शीळ घालत हिंडणारा. होनाजी म्हणायचा, त्यो खरा गुराखी, मी त्याच्या हाताखाली हाय.

पहिल्या दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो तर त्यानं मॅडमना घोंगडी दिली आणि मला म्हणाला, "तू बी आलास व्हय? मंग पाखरू घाबरनार."

"का बरं?"

"तू बोलायला लागला की मानूस घाबरतं, पाखराचं काय."

पहाटे घळीत गेलो. आजूबाजूला नुसती ओल, झाडांना शेवाळ, ओढ्याचा आवाज. होनाजी दगडावर बसला आणि त्यानं एक साधी शीळ घातली, खाली सुरू होऊन वर जाणारी. मग गप्प. आम्ही गप्प. आणि कपारीतून जबाब आला. आता कसं सांगू. एखादं पोर शाळेला दांडी मारून, हात खिशात घालून, घरच्यांचं काही देणं न लागता शीळ घालत चाललंय, तसा. कधी इकडं वळतो, कधी तिकडं, गाणं म्हणावं तर अर्ध्यात सोडतो. मी भोंगा चालवण्यात जन्म घालवला, या डोंगरात शेकडो मांडव बांधले, आणि हा आवाज माझ्या कानावर रोज पडत असणार. पण मांडवात मी नेहमी माईक तपासत होतो. बाकी सगळं माझ्या लेखी खरखर.

"आयकलं का?" होनाजी म्हणाला. "शीळ घातली की त्यो थांबतुया. पुढच्याला बोलू देतुया. तुला जमंल का असं, रज्जाक?"

मॅडम मागं वळून हसल्या. म्हणाल्या, "चाचा, हे बाबांनी बरोबर पकडलं. इंद्रीसुद्धा गाऊन झालं की थांबतात. शेजारच्या डोंगरावरच्या घरानं उत्तर द्यावं म्हणून."

पुढं पंधरवडाभर आम्ही तेच केलं, पहाटे जाऊन कस्तुराचं गाणं यंत्रात टिपलं. मी माईकला केसाळ टोपी घालायचो, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. वायरींना मेणकापड गुंडाळायचो. आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेवायचो. शमीम म्हणायची, ही बाई कायमची राहिली तर मी वाघदेवाला नारळ फोडीन. मॅडम दुपारी होनाजीच्या ओट्यावर बसून यंत्रातल्या सुरांच्या रेघोट्या दाखवायच्या. इंद्री हा टाळकऱ्यासारखा, ताल सोडायचा नाही. आमचा कस्तूर लहरी. पण पहाटेचे त्याचे पहिले काही सूर अगदी मोजून मापून पडायचे, टण, टण, आणि दुप्पट जागा सोडून टण. मग उजाडलं की गडी सुटला वाऱ्यावर.

"मंजी आंगुळ करून देवाला हात जोडतुया," होनाजी म्हणाला, "मंग हिंडाया मोकळा."

एकदा त्यानं विचारलं, "त्या तिकडच्या जनावराला आमच्या पाखराचं गानं दावलं का?"

मॅडम म्हणाल्या, दाखवलं नाही, पण उलटं करून बघायचं आहे. इंद्रीचं गाणं घळीत लावायचं, एकदा त्याच्या तालासकट आणि एकदा ताल मोडून, आणि कस्तूर कान देतो का ते बघायचं. वनखात्याची परवानगी होती. त्यासाठीच तो लहान स्पीकर.

ठरलेल्या पहाटे त्या लहान स्पीकरनं दगा दिला. आदल्या रात्रीच्या पावसात त्याच्या पोटात पाणी गेलं होतं. अडीनडीला म्हणून जीपमधला एक भोंगा मी वर आणून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, "चाचा, हाच लावू. आवाज अगदी मुंगीएवढा ठेवा."

मी मुंगीएवढाच ठेवला. भोंग्याचं तोंड घळीच्या आतल्या कातळाकडं केलं, वाडीकडं पाठ. धंद्याच्या नियमानं ते अगदी बरोबर होतं; आज बांधायला सांगितलं तरी मी तिथंच बांधीन. पण घळ ही स्वतःच एक भोंगा आहे, हे कुणाच्या ध्यानात यावं? आत अरुंद, बाहेर रुंद, आणि रुंद तोंड सरळ वाडीवर. माझ्या मुंगीला त्या घळीनं हत्ती करून खाली सोडलं.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. या तालुक्यात माझ्याहून मोठा भोंगा एकच, धरणाचा. धरण भरलं की पाणी सोडण्याआधी तो वाजतो. नदीकाठच्या वाड्यांत पोरांना चालायला शिकवतात त्याच्या आधी हे शिकवतात: भोंगा झाला की गुरं सोडायची, पोरं उचलायची आणि वर पळायचं. कातळवाडीनं पळायचं ठिकाण म्हणजे वाघदेव. म्हणजे आम्ही होतो तिथंच. त्या आठवड्यात धरण काठोकाठ होतं. अख्खी वाडी कान टवकारून झोपत होती.

इंद्रीनं पहिली डरकाळी दिली, मग पहिला हेल काढला, आणि खालून आरोळी आली, "धरान सुटलं."

मॅडमनी लगेच बंद केलं. पण इतक्यात वाडी उठली होती. धुक्यातून आधी शेळ्या आल्या. मग माणसं. एकीच्या दोन्ही हातांना भाकरीचं पीठ. एकाच्या तोंडात राखुंडी, तोंडातून काळा फेस गळतोय. सरपंचाच्या डोक्यावर टीव्ही. मागून त्याची बायको ओरडत होती की पोराला कुणी घेतलं, तर पोर त्यानं काखेत धरलेलं, उलटं. एका म्हाताऱ्यानं पाळण्याची दोरी आणली होती, पाळणा नव्हता. कोंबड्या तर, मी शपथेवर सांगतो, पाण्यात उतरल्यासारख्या पाय मारत उडत होत्या. पायलीचा शेर करा, तरी एवढं उरेल.

मी ओरडणार होतो, काही नाही, गाणं होतं. पण सगळी वाडी वाघदेवाभोवती दाटीवाटीनं उभी राहिली, नदीकडं तोंड करून, आणि कुणी एक शब्द बोलेना. त्या शांततेत बोलायचं माझ्याच्यानं झालं नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. लोक पाण्याची वाट बघत होते. धापा टाकत होते. पोरांच्या तोंडावर हात होते. खाली नदी आपली रोजचीच वाहत होती.

आणि मग कपारीतून कस्तुरानं शीळ घातली. टण, टण, आणि दुप्पट जागा सोडून टण.

इंद्रीला जबाब होता की रोजची आंघोळ-पूजा होती, मॅडमनाही सांगता यायचं नाही. पण मॅडमचं यंत्र चालू होतं. आणि वाडी ऐकत होती. रोज ऐकणारी माणसं, पण त्या दिवशी मरता मरता वाचल्यासारखी ऐकत होती. पिठाच्या हातांची ती बाई, भोराबाई तिचं नाव, हळूच म्हणाली, "अगं माय, गुराखी हाय जागा. पानी असतं तर त्यो उडाला असता." मी मॅडमकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं, आता ग्रामसभेत काही बोलायचीच गरज नाही. अख्ख्या वाडीनं एका वेळी ऐकलंय. घळ वाचली.

तेवढ्यात खालून हाक आली. "बाबा पडला. होनाजीबाबा पडला."

होनाजी आमच्याबरोबर वर आला नव्हता त्या दिवशी. थंडी वाजते म्हणून घरी राहिला होता. भोंगा ऐकून तो निघाला, अर्ध्या वाटेवरून दावणीची कालवड सोडायला मागं फिरला, आणि ओल्या पायरीवर घसरला. मांडीचं हाड. आम्ही उतरलो तेव्हा तो दगडाला टेकून बसला होता आणि कालवड त्याला चाटत होती.

मला बघून म्हणाला, "रज्जाक, ह्यो तुझा आवाज हुता ना?"

"माझा नव्हता, बाबा. त्या लेमराचा."

"चांगला हाय," तो म्हणाला. "पर लई मोट्यानं गातंय."

घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, चार गडी खांद्यावर घेऊन निघाले. डांबरी सडकेपर्यंतचा तो चिखल मी चाललोय शंभर वेळा, पण त्या दिवशी संपेना. गडी घोट्यापर्यंत रुतत होते, दर वेळी पाय उपसताना झोळीला हिसका बसायचा आणि होनाजी, जो दुखलं तर कधी बोलायचा नाही, तो ओरडायचा. मॅडम बाजूनं चालत होत्या, त्याचा हात धरून. ओढ्यापाशी दोनदा थांबलो, पाणी उतरायची वाट बघत. सडकेला लागलो तेव्हा तो शुद्धीत नव्हता. संगमनेरला हाड बसवलं, पण डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, पाय आखूड राहील.

वाडी आम्हाला फार बोलली नाही. बोलली असती तर बरं. भोराबाई तर म्हणाली, "मॅडम, तुमी मुद्दाम थोडंच केलं." मॅडमना तेच सहन झालं नाही.

ग्रामसभेला होनाजीला खाटेवरून आणलं. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. सरपंच म्हणाला, "बाबा, तुमीच सांगा. वळशानं का घळीतनं? मॅडम म्हनत्यात वळशानं. तुमी बी तेच म्हनत हुता."

होनाजीनं खाटेवरच मान मॅडमकडं वळवली. मग मॅडमना म्हणाला, "बाय, तुमी सांगितलं ते खरं हाय. त्यो गातुया ते मी जल्माचं आयकलंय. पर त्याला पंख हायेत. मी झोळीतनं गेलो." आणि हात वर केला, घळीतल्या रस्त्यासाठी.

त्याच्यामागं सगळे हात वर गेले. भोराबाईचाही.

मला तिथं बोलायला सांगितलं होतं. मी तयारीही केली होती. सात देशांचे शास्त्रज्ञ या घळीकडं डोळे लावून बसलेत, असं सुरू करणार होतो. पण काय बोलू? त्या झोळीच्या बांबूला मधे मधे माझाही खांदा होता. मॅडम उठल्या, त्यांनी खाटेपाशी जाऊन होनाजीच्या पायांना हात लावला आणि बाहेर गेल्या. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. मला अजून कधी कधी वाटतं, घालायला हवा होता. मग आठवतं, त्याही त्या झोळीच्या बाजूनंच चालत होत्या.

दिवाळीनंतर घळ फुटली. सुरुंगाचा आवाज मी राजूरला ऐकला, दुकानाच्या काचा वाजल्या. रस्ता चांगला झालाय, खोटं कशाला बोलू. भोराबाईच्या सुनेला बाळंतपणात वेळेवर नेलं, ते त्याच रस्त्यानं. तिला झालेली पोर आता पळते.

अनघा मॅडम परत मादागास्करला गेल्या. मधून मधून मोबाईलवर आवाज पाठवतात. मागच्या खेपेला इंद्रीचं एक घर पाठवलं होतं, गाऊन झाल्यावर थांबलेलं. बराच वेळ नुसता पानांचा आवाज. खाली त्यांनी लिहिलं होतं, चाचा, समोरचा डोंगर आता मोकळा आहे, पण हे अजून थांबतात. त्या पहाटेचं आमचं ध्वनिमुद्रणही माझ्याकडं आहे. अभ्यासाला त्याचा उपयोग झाला नाही. त्यात शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, खोकला आहे, भोराबाई आहे. मॅडमना स्वच्छ आवाज लागतो. मला हाच आवडतो. आमच्या धंद्यात माणसाशिवायचा आवाज म्हणजे रिकामा मांडव.

धंदा मी आता पोराकडं दिला. तो भिंतीएवढे डीजे लावतो, ज्यात तोंड कुठं आणि पाठ कुठं ते बघावंच लागत नाही, सगळीकडं तोंडच. माझं शेवटचं काम होतं होनाजीच्या नातीचं लग्न. टेम्पो नव्या रस्त्यानं थेट त्याच्या दारात गेला. त्याआधी उभ्या आयुष्यात मी कातळवाडीत भोंगे डोक्यावरूनच नेले होते.

होनाजी ओट्यावर काठी घेऊन बसला होता. कानानं अधू झालाय, मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणजे माझ्यासाठी सोयीचा. मी माईक तपासत होतो तर त्यानं खूण केली.

"रज्जाक, त्यो माईक हिकडं आन. माझी शीळ आता पोचत न्हाई."

"मांडव भरलाय, बाबा. लोक हसतील."

"तुला कदी लोकांच्या हसन्याचं भ्या वाटाया लागलं?"

मी माईक त्याच्या तोंडाशी धरला आणि भोंग्याचं तोंड डोंगराकडं फिरवलं. सूर त्यानं मनातल्या मनात जुळवला असणार, पण ओठांतून आधी नुसता वारा आला. दुसऱ्यांदा शीळ निघाली, खाली सुरू होऊन वर जाणारी, बारीक, थरथरती. मी बटण पूर्ण फिरवलं. मांडव गप्प झाला. पूर्वी घळ हा आवाज घेऊन घुमवायची. आता कातळ फोडल्यावर तिथं घुमायला काही उरलेलं नाही. शीळ गेली ती सरळ निघून गेली.

होनाजी थांबला, पुढच्याला बोलू द्यावं तसा. मीही थांबलो.

वरच्या वळणावर वऱ्हाडाची एक गाडी मागं घेत होते. मागं घेताना वाजणाऱ्या तिच्या पिपाणीनं सिनेमाचं गाणं वाजवलं. पोरं फिदीफिदी हसली.

"काय आलं?" होनाजीनं मला विचारलं. "जबाब आला का?"

"आला, बाबा," मी म्हणालो.

"कुठनं?"

मी नेहमीसारखं मोठं करून सांगू शकलो असतो. दहा कस्तूर म्हणालो असतो, सहकुटुंब. पण तोंडातून तेवढं मोठं निघेना.

"पल्याडच्या डोंगरावरनं," मी म्हणालो. "बारीक आला."

होनाजीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला कानानं कमी ऐकू येतं, पण डोळे पक्के आहेत.

"तुझ्या पायलीचा शेर केला," तो म्हणाला, "तर पल्याडचा डोंगर न्हाई. हितंच कुठंतरी हाय मंग. दाराशीच."

"व्हय, बाबा. दाराशीच."

त्यानं मान हलवली आणि माईक माझ्या हातात परत दिला. मी भोंग्याचं तोंड पुन्हा मांडवाकडं फिरवलं.